बर्थ सहा, पट्टे चार

ब्रिटनमध्ये वापरलेलं मोटारहोम विकायला निघालं की जाहिरातीत सगळ्यांत ठळक आकडा असतो तो बर्थचा: चार बर्थ, पाच बर्थ, सहा बर्थ. मुलंबाळं असलेलं कुटुंब साहजिकच घरातली डोकी मोजतं, बर्थ मोजतं, हिशोब जुळला की किंमत आणि मीटरवरचे मैल बघतं आणि गाडी पाहायला जातं. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही वेल्स-स्कॉटलंडच्या सुट्ट्यांसाठी हा पर्याय खुणावतो. माझं म्हणणं असं, की ही मोजणी चुकीच्या टोकाकडून सुरू होते. मोटारहोम रात्री घर असलं, तरी मुलांना घेऊन रस्त्यावर धावतं तेव्हा ते साडेतीन टनांचं वाहन असतं. घर म्हणून त्यात काही उणं निघालं तर सुट्टीत थोडी अडचण होईल. वाहन म्हणून निघालं तर त्याची किंमत मुलांना मोजावी लागेल. म्हणून आधी सीटबेल्ट पाहावेत, मग किलो, मग ओल, आणि बिछाने सर्वांत शेवटी.

पहिला आणि सगळ्यांत घातक गैरसमज हा, की जितकी माणसं झोपू शकतात तितकी बसून प्रवास करू शकतात. जुन्या गाड्यांत सहा बर्थ आणि सीटबेल्ट फक्त पुढचे दोन, किंवा फार तर चार, असं सर्रास आढळतं. ब्रिटनमध्ये २० ऑक्टोबर २००७ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मोटारहोममध्ये प्रवासासाठी नेमलेल्या प्रत्येक सीटला पट्टा असणं बंधनकारक झालं. त्याआधीच्या गाड्यांत मागच्या सीटना तो असणं सक्तीचं नव्हतं. यावर विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर असतं, की जुन्या गाडीत मुलं मागे बिनपट्ट्याची बसली तरी कायद्याला चालतं. हे अर्धंच खरं आहे. गाडीत पट्टाच नसेल तर तीन वर्षांपुढची मुलं मागे तशी बसू शकतात. तीन वर्षांखालचं मूल मात्र पट्टा किंवा योग्य चाइल्ड सीट नसलेल्या गाडीत नेताच येत नाही. शिवाय प्रवाशाला इजा होईल अशा स्थितीत वाहन चालवणं हा १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टखाली वेगळा गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, हा तिथल्या गावातल्या रस्त्याचा साधा वेग. त्या वेगातली गाडी धडकून जागीच थांबली, तर आत मोकळं बसलेलं मूल ज्या वेगाने पुढे फेकलं जातं, तो सुमारे नऊ मीटर उंचीवरून पडल्यावर जमिनीशी गाठ पडते त्या वेळच्या वेगाइतका असतो. नऊ मीटर म्हणजे जवळजवळ तिसरा मजला. आणि समोर असतं प्लायवुडचं टेबल, गॅसची शेगडी, कपाटाच्या कडा. जुन्या कायद्याने दिलेल्या या सवलतीला आईवडिलांनी सवलत समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग पट्टे नंतर बसवून घेता येणार नाहीत का, अशी शंका रास्त आहे. येतात, पण कुठेही येत नाहीत. अपघातात पट्ट्यावर येणारा ताण गाडीच्या चासीने किंवा तिला जोडलेल्या पोलादी सांगाड्याने पेलायचा असतो. जुन्या मोटारहोमच्या मागच्या सीटा बहुधा लाकडी पेटीवर गादी टाकून केलेल्या असतात. त्या लाकडात बोल्ट मारून घेतलेला पट्टा दिसायला पट्टा असतो, एवढंच. सांगाडा बसवून देणारे जाणकार कारागीर आहेत, पण खालची पाण्याची टाकी किंवा हीटर आड आला तर काम अडतं, आणि झालं तरी खर्च गाडीच्या किमतीत धरायला हवा. पट्टे आहेत म्हटल्यावरही प्रश्न संपत नाही. ब्रिटनमध्ये मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर, चाइल्ड सीट लागते. बूस्टरला, म्हणजे मोठ्या मुलांना उंच बसवणाऱ्या सीटला, खांद्यावरून जाणारा पट्टा हवा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर तो चालत नाही. आडव्या, म्हणजे खिडकीकडे पाठ करून बसायच्या सीटवर चाइल्ड सीट लावायचीच नाही. काही चाइल्ड सीटना जमिनीवर टेकणारा आधाराचा पाय असतो, आणि अनेक मोटारहोममध्ये टेबलाखालची जमीन पोकळ, सामानाच्या कप्प्याचं झाकण असते; त्या पायाला तिथे भक्कम टेकू मिळत नाही. पुढच्या सीटवर पाठमोरी बेबी सीट ठेवायची तर समोरची एअरबॅग बंद करता आली पाहिजे. यांतलं काहीही माहितीपत्रकावरून कळत नाही. गाडी पाहायला जाताना घरातल्या सगळ्या चाइल्ड सीट बरोबर न्याव्यात आणि तिथेच लावून पाहाव्यात. विक्रेत्याने यासाठी अर्धा तास दिला नाही, तर ती गाडी सोडून द्यावी.

दुसरा गैरसमज वजनाचा. गाडी एवढी मोठी, तिला चार माणसं आणि चार पिशव्या काय जड, असं वाटतं. वस्तुस्थिती अशी, की बहुसंख्य मोटारहोमची कमाल वजनमर्यादा ३,५०० किलो ठरवलेली असते, आणि त्यातलं बरंचसं वजन भिंती, फर्निचर, फ्रिज आणि शॉवरनेच खाल्लेलं असतं. एक मासला म्हणून हिशोब मांडू. कागदावर रिकाम्या गाडीचं वजन ३,०६० किलो आहे. त्यात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के इंधन धरलेलं असतं. म्हणजे हाताशी उरले ४४० किलो. आधीच्या मालकाने बाहेर ओढायचं कापडी छत, सोलर पॅनेल, जास्तीची बॅटरी आणि सायकलींचा रॅक बसवला, त्याचे ८५ गेले. दुसरी प्रौढ व्यक्ती आणि दोन मुलं मिळून १२२. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर. चार सायकलींचे ५०. शिल्लक ८३ किलो, आणि अजून कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, शिधा, खुर्च्या यांतलं काही चढलेलंच नाही. त्यातही युरोपियन नियमांनी कारखान्याला कागदावरच्या वजनात पाच टक्क्यांचा फरक माफ केला आहे. ३,०६० चे पाच टक्के १५३. खरी गाडी त्या टोकाला असेल, तर सामान भरण्याआधीच हे कुटुंब ७० किलोंनी मर्यादेबाहेर गेलं. युरोपियन मानकात सामानासाठी किमान किती किलो राखायचे याचं सूत्रही आहे: माणसांची संख्या आणि गाडीची मीटरमधली लांबी यांची बेरीज करून तिला दहाने गुणायचं. चार जणांच्या सात मीटर गाडीला ते ११० किलो येतं, माणशी साडेसत्तावीस. मुलं असलेल्या घरासाठी मला हे फार तोकडं वाटतं.

एवढं कोण मोजतं, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. मोजणारे आहेत, ब्रिटनमध्ये वाहन-तपासणी खात्याचे लोक रस्त्यात गाडी अडवून वजनकाट्यावर नेऊ शकतात. पण दंडापेक्षा महत्त्वाचं हे, की जादा वजनाने टायर तापतात आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. एकूण वजन मर्यादेत बसलं तरी मागच्या आसावरचं वजन त्याच्या मर्यादेत बसेलच असं नाही, कारण मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं. चाकांमधलं अंतर चार मीटर असलेल्या गाडीत मागच्या आसापासून दोन मीटर मागे ५० किलोच्या सायकली लावल्या, तर मागच्या आसावर ७५ किलो वाढतात आणि पुढचा आस २५ किलोंनी हलका होतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मग ओल्या गवतातून निघता निघत नाही. यावर उपाय म्हणून कागदोपत्री मर्यादा वाढवून घेता येते, पण तिथे लायसन्स आडवं येतं. १ जानेवारी १९९७ पूर्वी कारची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ब्रिटिश चालकांना ७,५०० किलोंपर्यंतचा परवाना मिळालेला आहे. त्यानंतरच्यांना ३,५०० पर्यंतचाच. भारतीय लायसन्सवर तिथे रहिवासी झाल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, तीही ३,५०० किलोंपर्यंतची, आणि पुढे तिथली परीक्षा देऊन मिळतं ते नव्या नियमाचं लायसन्स. २०२५ मध्ये ४,२५० किलोंची मुभा आली ती धूर न सोडणाऱ्या वाहनांना. जुन्या डिझेल मोटारहोमला तिचा उपयोग नाही. म्हणजे एखादा इंग्रज शेजारी बिनधास्त चालवतो ती चार टनांची गाडी, दहा वर्षांपूर्वी पुण्याहून गेलेल्या माणसाला वेगळी परीक्षा दिल्याखेरीज चालवता येणार नाही. म्हणूनच पैसे देण्याआधी गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर न्यायला सांगावी आणि दोन्ही आसांचं वजन वेगवेगळं घ्यावं.

कमी मैल म्हणजे चांगली गाडी, हा कारच्या बाजारातून आलेला समज इथे निम्माच लागू पडतो. मोटारहोम वर्षातले बहुतेक महिने उभंच असतं, त्यामुळे मैल कमी असणं ही काही खास गोष्ट नाही. उभ्या गाडीचे ब्रेक गंजून अडकतात, बॅटरी मरते, रबर कडक होतं. टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि रबराला भेगा असतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांत २३१८ असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. इंजिनाचा टायमिंग बेल्टही मैलांप्रमाणे किंवा वर्षांप्रमाणे, जे आधी येईल तेव्हा, बदलायचा असतो. दरवर्षी थोडी थोडी चाललेली आणि नियमित सर्व्हिस झालेली गाडी मला बारा वर्षं शेडमध्ये राहिलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी वाटेल. एमओटीचं, म्हणजे तिथल्या सक्तीच्या वार्षिक वाहन-तपासणीचं, प्रमाणपत्र ताजं आहे, हाही असाच अपुरा दिलासा. ती तपासणी ब्रेक, दिवे, टायर, असलेले सीटबेल्ट पाहते. गॅसची नळी, घरगुती वायरिंग, छताची गळती, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तिच्या कक्षेत येतच नाहीत. त्यासाठी राहण्याच्या भागाची स्वतंत्र तपासणी असते आणि तिचा लेखी अहवाल मागायला हवा. मुलं ज्या बंद डब्यात रात्रभर झोपणार, तिथली गॅसवर चालणारी उपकरणं तपासलेली असणं आणि हवेच्या जाळ्या मोकळ्या असणं यांत कसलीही तडजोड नको.

ओल मात्र गाडी अक्षरशः संपवते. पारंपरिक बांधणीत लाकडी सांगाडा, मध्ये थर्माकोलसारखं अस्तर आणि बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा असतो. छताच्या खिडक्या, कोपरे, बाहेरच्या छताची पट्टी अशा प्रत्येक सांध्यावर सीलंट. ते वर्षांगणिक आक्रसतं, पाणी आत शिरतं आणि लाकूड आतून कुजत जातं. भिंतीवर डाग नाही म्हणजे ओल नाही, असं समजणं चूक आहे. डाग दिसतो तोवर आतलं लाकूड बरंचसं गेलेलं असू शकतं. ओल मोजायचं यंत्र साधारण पंधरा टक्क्यांच्या आत आकडा दाखवत असेल तर काळजी नाही, वीसच्या पुढे गेला तर कारण शोधायलाच हवं, आणि तीसच्या आसपास गेला तर सांगाड्यालाच धक्का लागल्याचं धरावं. दुरुस्तीचा खर्च कित्येक हजार पौंडांत जातो. मुलांच्या बाबतीत इथे आणखी एक मुद्दा आहे: त्यांचे बंक बहुधा मागच्या कोपऱ्यात किंवा चालकाच्या डोक्यावरच्या भागात असतात, आणि पाणी शिरायच्या जागाही नेमक्या त्याच. गाद्या उचलून खालची फळी दाबून पाहावी, नाकाने कुबट वास घ्यावा. तिथे अत्तराचा फवारा मारलेला असेल तर जास्तच सावध व्हावं. व्हॅनचंच घर केलेल्या गाडीत पोलादी कवच असल्याने सांधे कमी, पण तिथे गंज आणि बाष्पाचं पाणी पाहावं लागतं.

इतकं सगळं पाहिलं तर बजेटमध्ये गाडीच मिळणार नाही, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्याचं उत्तर बिछान्यांतच आहे. सहा बर्थचा आग्रह सोडला की निवड मोठी होते. चार जणांच्या कुटुंबाला चार धड पट्टे, पुरेसे किलो आणि कोरड्या भिंती असलेली लहान गाडी मिळाली, तर रात्री बाजूला तंबू लावून मोठी मुलं त्यात झोपू शकतात, पावसाळी दिवशी खेळूही शकतात. झोपायची जागा अशी वाढवता येते. पट्टे आणि किलो सहज वाढवता येत नाहीत. स्वस्त जुन्या गाडीचा आणखी एक खर्च लंडनकरांना लागतो: २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांमध्ये) प्रदूषणाचा युरो ६ दर्जा नसलेल्या, साडेतीन टनांपर्यंतच्या डिझेल मोटारहोमला ज्या दिवशी चालवाल त्या दिवशी साडेबारा पौंड द्यावे लागतात. हॅरोत किंवा हाउन्स्लोत राहणाऱ्याला स्वतःच्या गल्लीतून बाहेर पडतानाही ते चुकत नाहीत.

व्यवहार ठरला की पट्ट्यांची संख्या आणि त्यांचा प्रकार, कमाल वजन, काट्यावरचं प्रत्यक्ष वजन आणि ओलीचे आकडे विक्रेत्याकडून लेखी घ्यावेत. नोंदणीच्या कागदावर सीटची संख्या असते, पण जुन्या गाडीत तो आकडा म्हणजे पट्ट्यांची संख्या नव्हे. डीलरकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिल्या तीस दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. खाजगी मालकाकडून घेतली तर हे संरक्षण नाही. तिथे गाडी वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, हेच मुख्य बंधन असतं, आणि त्या वर्णनात काय काय लिहून घ्यायचं हे पैसे देण्याआधीच ठरवावं लागतं.