शिशाचा थर आणि सायलेन्सरआधीची जाळी

नावडे फाट्यावरून तळोजा एमआयडीसीकडे वळणाऱ्या पेट्रोल गाडीच्या पोटाखाली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, असते. तिच्या नळ्या जेमतेम मिलिमीटरभर रुंद. आतला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा विषारी वायूंचे रूप पालटतो.

शिसे त्याचा हाडवैरी. इंजिनाचे ‘नॉकिंग’ थांबवायला पेट्रोलमध्ये घातलेल्या टेट्राएथिल लेडचे शिसे मुलाम्यावर बसले की तो कायमचा निकामी. म्हणूनच १ एप्रिल १९९५ला मुंबईसह चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्या आणि शिसेमुक्त पेट्रोल जोडीनेच आले; २००० साली हे पेट्रोल देशभर पोचले.

नॉकिंग रोखायला शिशाऐवजी घातल्या जाणाऱ्या मँगनीजयुक्त एमएमटीचा तांबूस थरही नळ्यांची तोंडे बुजवू शकतो. पेट्रोलमधल्या गंधकाने मंदावलेली जाळी मात्र चांगली तापली की बरीच सावरते. बीएस-६ पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखांत जास्तीत जास्त १० भाग.