वार्धक्यातील बलवर्धक व्यायाम

वयोमानानुसार क्षीण झालेली स्नायूंची ताकद, शरीराचा तोल आणि हालचालींची क्षमता पुन्हा मिळवण्यासाठी वृद्ध व्यक्ती घरच्या घरी, स्वतःच जे व्यायाम नियमितपणे करतात, त्यांना स्थूलमानाने वार्धक्यातील बलवर्धक व्यायाम म्हणता येईल. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, जिना चढणे, शौचालयात एकट्याने जाणे या साध्या क्रिया मुख्यतः मांड्यांच्या व नितंबांच्या स्नायूंवर अवलंबून असतात. हे स्नायू निकामी झाले की माणूस परावलंबी होतो.

स्नायूंचा ऱ्हास

वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या क्षयाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले. मांस आणि उणीव या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशी हळूहळू कमी होतात आणि जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी बारीक होतात. ठेच लागली असता पटकन पाय पुढे टाकून सावरणे म्हाताऱ्या माणसाला अवघड जाते, त्याचे एक कारण हे आहे.

मात्र सगळाच दोष वयाचा नसतो. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटला. आजारपणानंतर ‘आता वय झाले’ म्हणून जी दुर्बलता स्वीकारली जाते, तिच्यात हालचाल थांबल्याचा वाटा बराच असतो.

बदललेला दृष्टिकोन

वृद्धांनी श्रम टाळावेत, हे मत जुने आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यायाम वर्ज्य असलेल्यांत बालक व अजीर्णाचा रोगी यांच्यासह वृद्धांचाही समावेश आहे. आधुनिक वैद्यकातही दीर्घकाळ विश्रांतीवरच भर होता.

या समजाला मोठा धक्का १९९० मध्ये बसला. मारिया फिआतारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथील एका वृद्धनिवासातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा व्यक्तींकडून आठ आठवडे भार उचलण्याचा व्यायाम करून घेतला. व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गट लहान होता, तरी चार वर्षांनी शंभर जणांवर केलेल्या प्रयोगात ताकद दुपटीहून अधिक झाली. त्याच प्रयोगात व्यायामाविना केवळ पूरक आहार दिल्याने ताकद वाढली नाही.

हे प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या कार्यक्रमाने हा व्यायाम घरी आणला. फिजिओथेरपिस्टने काही भेटींत व्यायाम शिकवायचा आणि पुढे घोट्याला वजनाचे पट्टे बांधून तो आठवड्यातून तीनदा स्वतःच करायचा, शिवाय चालायचे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याच्या चार चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षानुसार पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले.

पद्धत

आरंभीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः चेतासंस्था असलेले स्नायू अधिक चांगले वापरू लागल्यामुळे येते. स्नायू प्रत्यक्ष जाड होण्यास अधिक काळ लागतो. म्हणून महिनाभरात मांडी भरलेली दिसली नाही, तरी निराश होण्याचे कारण नाही.

भार क्रमाक्रमाने वाढवणे हे मुख्य तत्त्व होय. खुर्चीत जाड उशी ठेवून उठ-बस करावी, ती सहज जमू लागली की उशी काढावी, नंतर हात छातीशी घडी करून तीच क्रिया करावी. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत कष्ट जाणवले पाहिजेत. रोज सकाळी बागेत फेरी मारणे हृदयासाठी उत्तम असले, तरी मांड्यांची ताकद परत मिळवण्यास ते सहसा पुरेसे नसते, ही बाब आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वेही ६५ वर्षांवरील व्यक्तींना चालण्यासारख्या व्यायामाव्यतिरिक्त आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूबळकटीचा आणि किमान तीन दिवस तोल व ताकद या दोहोंवर भर देणारा व्यायाम सुचवतात.

तोलासाठी स्वयंपाकघरातील ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, टाचा उचलणे हे प्रकार सोयीचे असतात. पाश्चात्त्य कार्यक्रम बहुधा खुर्चीपाशी थांबतात. जमिनीवर मांडी घालून जेवण्याची सवय असलेल्या घरांत जमिनीवरून उठता येणे हे पुढचे उद्दिष्ट ठेवता येते. गुडघ्यांची झीज झालेल्यांनी मात्र त्याचा हट्ट धरू नये.

दक्षता

जोर लावताना श्वास रोखल्यास रक्तदाब एकदम वाढतो, म्हणून उठताना श्वास सोडावा. छातीत दुखणे, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा वारंवार चक्कर येणे अशा स्थितीत आधी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. स्नायूंत दुसऱ्या दिवशी येणारा ठणका स्वाभाविक असतो. सांध्यातील तीव्र वेदना किंवा सूज मात्र थांबण्याची खूण मानली जाते. व्यायाम सोडल्यास मिळालेली ताकद काही महिन्यांत ओसरू लागते, परंतु ती टिकवण्यासाठी मिळवताना लागले त्याहून कमी श्रम पुरतात.