सगळ्यांची पेटी

२००८ साली ल्यूक जेरम या ब्रिटिश कलावंतानं बर्मिंगहॅममध्ये १५ पियानो ठिकठिकाणी नेऊन ठेवले. कुणीही यावं, वाजवावं. आमच्या कोल्हापुरातल्या पेठेच्या देवळात ही सोय जुनीच आहे, पियानोऐवजी पेटी एवढाच फरक. नावाला भजनी मंडळाची. येईल त्यानं खोळ काढायची, भाता सोडायचा आणि मांडी ठोकायची. वाजवायला कुणी अडवत नाही. जागेवरून हलवली तर मात्र बोलणी बसतात.

यंदा पावसात लाकूड फुगलं. दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात, एक सूर तर हात न लावताच बोंबलायला लागला. मिस्त्रींना बोलावलं. बॅटरी धरायला मी बसलो.

पट्ट्या निघाल्या तशी खाली उदबत्तीची राख, बुक्का, अक्षता आणि रुपयाचं नाणं. "घरच्या पेटीत धूळ निघती. ही देवळाची हाय," मिस्त्री म्हणाले.

बोंबलणाऱ्या पट्टीखाली अक्षतेचा दाणा अडकला होता. तो निघाला, पण सुरांचं काम खरं नाजूक. सूर म्हणजे पितळेची जीभ, एका टोकाला रिव्हेटनं बसवलेली, दुसरं टोक मोकळं. मोकळ्या टोकाला कानस लावली की सूर चढतो, रिव्हेटपाशी लावली की उतरतो. मिस्त्री एकाच स्वराचे दोन सूर जोडीनं वाजवत. जरा फरक असला की आवाज हेलकावे खातो. दोनदा घासायचं, भाता मारायचा, मान तिरकी करून ऐकायचं. हेलकावा लांबत लांबत विरला, की पुढचा सूर.

पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही, हा आक्षेप जुना आणि खराच. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं होतं. पण याच वाद्यावर कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी नाव कमावलं. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांच्याच. आणि वीस गळे एका सुरात धरून ठेवायचे, तर भजनात मींड हवी कुणाला?

सगळ्या पट्ट्या परत बसल्यावर पांढऱ्या चारवर बोट गेलं. चांगला खळगा पडलेला. आमचं मंडळ काळी पाचमध्ये गातं, तिचा पंचम म्हणजे ही पट्टी. शेजारच्या पट्ट्या तशा गुळगुळीतच.

"ही बदलून टाकू?" मिस्त्रींनी विचारलं.

खांबाला टेकून बसलेले आण्णा तोवर गप्प होते. ते ताडकन म्हणाले, "नगं! लाइट गेल्यावर मी काय चाचपू?"