समुद्रचित्रांची घडण, लेखांक ७ : कड्यावरची ओस चौकी

समुद्राच्या चित्रात स्थिर असे फार थोडे असते. लाट फुटते, ढग सरकतात, उन्हाचा पट्टा पाण्यावरून बघता बघता निघून जातो, आणि या सगळ्या हालचालीचे मोजमाप करायला चित्रकाराला एखादी न हलणारी वस्तू लागते. किनाऱ्यावरची सोडून दिलेली वास्तू हे काम उत्तम करते. मात्र युरोपीय चित्रकलेने तिच्याकडे दीर्घकाळ शोकाचे प्रतीक म्हणूनच पाहिले. जॉन कॉन्स्टेबल याने थेम्सच्या मुखाजवळच्या हॅडली किल्ल्याचे भग्न बुरूज 1814 मध्ये पेन्सिलीने टिपले होते. पण त्यांवरून मोठे तैलचित्र त्याने 1829 मध्ये, पत्नीच्या निधनानंतरच्या काही महिन्यांत, चित्रशाळेत बसून रंगवले, आणि तिथले आभाळ त्या दुःखाचे ओझे वागवताना दिसते.

क्लोद मोने याने 1882 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जे केले ते याहून मुळातच वेगळे होते. दिएपजवळच्या व्हारांजव्हिल येथे कड्याच्या टोकावर दगडी भिंतींची एक छोटी चौकी उभी होती. नेपोलियनच्या काळात किनाऱ्यावरील जहाजांच्या ये-जा करण्यावर नजर ठेवण्यासाठी ती बांधलेली होती, आणि मोने तेथे पोहोचला तेव्हा तिचे मूळ काम संपून कोळी तिच्यात आपले सामान ठेवत असत. एका वर्षात मोनेने ही चौकी डझनाहून अधिक वेळा रंगवली. कधी वरून, कधी खालून, कधी झुडपांत अर्धी बुडालेली. तिच्या इतिहासाबद्दल ही चित्रे काहीच सांगत नाहीत, आणि त्यांचे मोठेपण नेमके यातच आहे. चौकी येथे स्मारक म्हणून येत नाही. दर तासाला बदलणाऱ्या समुद्राशेजारी ठोकलेली खुंटी म्हणून येते.

हे साधण्यात तैलरंगाच्या स्वभावाचा मोठा वाटा आहे. तैलरंग म्हणजे जवसासारख्या वाळणाऱ्या तेलात घोटलेली रंगाची पूड. जलरंग पाणी उडून गेल्याने वाळतो. तेल मात्र उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, आणि म्हणून पातळ थरालाही वाळायला काही दिवस लागतात. या सावकाशीमुळे ओल्या रंगावर ओला रंग चढवता येतो: खालचा निळा अजून मऊ असताना त्यावरून पांढऱ्याचा फटकारा ओढला, तर कुंचला थोडा निळा बरोबर घेऊन जातो आणि लाटेची कड आपोआप धूसर होते. उलट भिंतीसाठी खालचा थर वाळू देऊन त्यावर दाट रंग कोरडाच घासला, तर तो कॅनव्हासच्या विणीच्या उंचवट्यांवरच बसतो आणि खरखरीत दगडाचा भास होतो. थर चढवताना एक नियम पाळावा लागतो: वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल अधिक हवे, नाहीतर वरचा थर आधी ताठरतो आणि खालचा नंतर वाळताना त्याला भेगा पाडतो.

बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील चित्रात चौकीचे तांबूस-केशरी छप्पर निळसर-हिरव्या समुद्रावर उमटलेले आहे. शेजारी ठेवलेले विरोधी रंग एकमेकांना अधिक प्रखर करतात, हे मिशेल युजीन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडले होते. येथे त्या तत्त्वाचा परिणाम असा, की छपराचा तो लहानसा तुकडा दूरवरच्या शिडांना आणि सगळ्या पाण्याला पेलून धरतो. ब्रुकलिन संग्रहालयातील चित्रात क्षितिज इतके वर नेले आहे, की खवळलेला समुद्र जवळजवळ भिंतीसारखा उभा राहतो आणि चौकी त्याच्यापुढे अगदी एकाकी वाटते.

उघड्यावर बसून हे काम करणे सोपे झाले ते जॉन गॉफ रँड याने 1841 मध्ये धातूच्या रंगनळीचे पेटंट घेतल्यानंतर. त्याआधी घोटलेला रंग बाहेर नेण्यासाठी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्या वापरत. तरीही समुद्र चित्रकाराला सोडत नसे. मोनेच्या 1870 मधील त्रुव्हिलच्या किनाऱ्याच्या चित्रात, जे आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, रंगात अडकलेले वाळूचे कण आजही दिसतात, आणि 1885 मध्ये एत्रता येथे भरतीच्या वेळेचा अंदाज चुकल्याने एका लाटेने त्याला साहित्यासकट कड्यावर आपटून ओढून नेले होते.

चौकीच्या पहिल्या चित्रांनंतर चौदा वर्षांनी, 1896 च्या हिवाळ्यात आणि पुन्हा 1897 मध्ये, मोने त्याच चौकीकडे परतला. मधल्या काळात गवताच्या गंजी आणि रुआँचे कॅथेड्रल यांच्या मालिका रंगवून झाल्या होत्या, आणि एकच वस्तू वेगवेगळ्या प्रकाशात पुन्हा पुन्हा पाहण्याची पद्धत हातात पक्की बसली होती. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील 1897 च्या चित्रात छपराचा तो ठसठशीत केशरी रंग उरलेला नाही; फिकट गुलाबी आणि निळ्या छटांत चौकीच्या कडा विरघळू लागल्या आहेत, आणि कडा कुठे संपतो व समुद्र कुठे सुरू होतो हे ठरवायला डोळ्याला क्षणभर थांबावे लागते.