हिकरी गेली, धावडा जाऊ नये

वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही बाजारात जा. फावड्याला आता लोखंडी पाइपचा दांडा सर्रास दिसतो. वेल्डिंग मारले की झाले. मोडायची भीती नाही, वाळवीची नाही. पण दिवसभर मुरूम खोदणाऱ्याला त्याची किंमत संध्याकाळी मनगटात कळते. लोखंड प्रत्येक घावाचा हादरा जसाच्या तसा हातात पोचवते. लाकडाच्या उभ्या तंतूंत तो बराचसा मुरतो.

लाकडी दांड्याची सद्दी संपली कशी, याची सर्वांत तपशीलवार नोंद गोल्फच्या इतिहासात सापडते. पुण्यात 1880 साली गोल्फ क्लब निघाला त्या काळात चांगल्या काठीचा दांडा म्हणजे अमेरिकेतल्या हिकरी झाडाचा. चिवट, लवचीक, हादरा पिणारा. मोठी अडचण होती ती पिळाची. जोरात फटका मारताना हिकरी स्वतःभोवती किंचित पिळायची आणि काठीचे तोंड वाकडे पडायचे. शिवाय दोन दांडे कधी सारखे नसत, म्हणून कारागीर एकेक दांडा तासून, वाकवून पारखत. पोलादी नळीने ही दोन्ही दुखणी संपवली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1924 मध्ये, तर सेंट अँड्र्यूजच्या नियामकांनी 1929 मध्ये पोलादाला परवानगी दिली. बॉबी जोन्सने 1930 मध्ये चारही मोठ्या स्पर्धा हिकरीवर जिंकल्या. पुढच्याच वर्षी बिली बर्कने अमेरिकन ओपन पोलादी दांड्याने जिंकली. लोकांची नजर मात्र लाकडाला सरावलेली, म्हणून कित्येक पोलादी दांड्यांवर लाकडाच्या रंगाचे आवरण चढवून ते विकले गेले! एकसारखे दांडे निघू लागताच खेळाडूंच्या पिशव्या इतक्या फुगल्या की 1938 मध्ये अमेरिकेत काठ्यांवर चौदाची मर्यादा घालावी लागली.

पुढे फायबरग्लास आले. गॅरी प्लेयरने 1965 ची अमेरिकन ओपन त्यावर जिंकली, तरी ते टिकले नाही. साठच्या दशकाअखेरीस ॲल्युमिनियम गाजले आणि थोड्याच वर्षांत मागे पडले. ग्राफाइट मात्र हलकेपणामुळे राहिले.

गोल्फमध्ये पोलाद जिंकले ते योग्यच झाले, असे मला वाटते. तिथे एकाच हाताला अनेक काठ्या लागतात आणि त्या सारख्याच वागल्या पाहिजेत. शेतात गणित उलटे आहे. एक माणूस, एक कुऱ्हाड, एक फावडे. सारखेपणाचा तिथे उपयोग नाही; हाताला बसणारा, हादरा पिणारा दांडा हवा. तो देणारी झाडे आपल्या विदर्भातच आहेत. ज्याचा डिंक आपण लाडवात घालतो तो धावडा तर दांड्यासाठी नावाजलेलाच. बैलगाडीच्या कण्यालाही तो वापरत. धामण त्याहून लवचीक. कावड, वल्ही, धनुष्य तिचीच. तिवसही शेतीच्या अवजारांत मुरलेला.

दांडा निवडताना टोकाकडून डोळ्यासमोर धरा. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. मध्येच बाजूला सुटल्या तर तो तिथेच मोडणार. गाठ नको. ओले लाकूड नेढ्यात ठोकू नका; सावलीत नीट वाळू द्या, नाहीतर ते आकसून कुऱ्हाड निसटते आणि समोरच्याच्या जिवावर बेतते. ढिली कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची सवयही सोडा. लाकूड फुगते, घट्ट वाटते, वाळले की आधीपेक्षा सैल होते. त्यापेक्षा नवी पाचर मारा आणि दांड्याला जवसाचे तेल चोळा. जुने गोल्फवालेही हिकरीला हेच तेल लावत.

हे सगळे जाणणारा सुतार गावात आहे तोवर त्याच्याकडून एक तरी दांडा करून घ्या. आणि पावसाळ्यात बांधावर झाड लावणार असाल, तर धावडा किंवा धामण लावा.