बर्फातला एकांत आणि चिखलदऱ्याची उंची

आपलं चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटर उंच आहे. परतवाड्याहून घाट चढून वर गेलं, की अकोल्या-अमरावतीच्या उन्हात होरपळलेल्या माणसाला तिथं जरा बरं वाटतं. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्या हिशेबानं आपल्याला पाच-सहा अंशांचा दिलासा मिळतो. आता युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे देशात फिन्से नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे. त्याची उंची १२२२ मीटर. म्हणजे चिखलदऱ्याहून जेमतेम शंभर मीटर जास्त. पण चिखलदऱ्याला कॉफी पिकते, आणि फिन्सेला वर्षातले सात-आठ महिने बर्फ असतो.

हा फरक उंचीचा नाही, अक्षांशाचा आहे. आपण एकविसाव्या अक्षांशावर, फिन्से साठाव्याच्याही पुढे. तिथं हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला धरूनच चालतो. त्यात अटलांटिक महासागरावरून येणारे ओले वारे त्या डोंगरांना अडतात. सह्याद्रीला अडून मोसमी वारे कोकणात पाऊस पाडतात ना, तसाच प्रकार. फक्त तिथं पावसाऐवजी बर्फ पडतो.

या फिन्सेला तलावाकाठी एक जुनं हॉटेल आहे. पलीकडे हिमनदी, अलीकडे स्टेशन, बाकी सगळं पांढरं. गंमत म्हणजे तिथं जायला मोटाररस्ताच नाही. ओस्लो ते बर्गन ही रेल्वे १९०९ साली सुरू झाली, तेव्हापासून माणसं येतात ती गाडीनंच. दक्षिण ध्रुवाकडे निघण्यापूर्वी शॅकलटननं १९१४ साली आपल्या सामानाची चाचणी इथं घेतली होती. ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या एका सिनेमातला बर्फाळ ग्रहही १९७९ साली इथंच चित्रित झाला. अशा जागी लोक आठवडाभराची सुटी घेऊन येतात आणि दिवसभर चालतात. हो, चालतातच! पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून.

आपण सिनेमात पाहतो ते स्कीइंग म्हणजे डोंगरावरून भरधाव घसरत येणं. ते वेगळं. हे क्रॉस-कंट्री स्कीइंग सपाटीवर, चढावर, उतारावर, सगळीकडे चालतं. यात बुटाचं फक्त पुढचं टोक पट्टीला अडकवलेलं असतं, टाच मोकळी. पण पुढे ढकलताना पट्टी मागे कशी घसरत नाही? पट्टी मध्यभागी किंचित वर उचललेली, कमानीसारखी असते. दोन्ही पायांवर भार सारखा असला, की ती टोकांवर टेकते आणि सरकते. एका पायावर सगळा भार दिला, की कमान दबते आणि मधला भाग बर्फाला चिकटतो. त्या मधल्या भागाला खास मेण लावलेलं असतं. बर्फाचे बारीक कण त्यात रुततात, पकड मिळते; पाय सुटला की पट्टी पुन्हा सरकते. भार देणं आणि सोडणं, एवढीच सगळी विद्या.

मेण मात्र रोज बदलावं लागतं. कडक थंडीत हिरवं, थोडी थंडी कमी असली की निळं, शून्याच्या आसपास लाल, आणि बर्फ ओला झाला तर चिकट लुकणासारखा लेप. सकाळी न्याहारी झाली की लोक थर्मामीटर बघून मेणाचा वाद घालत बसतात. आपल्याकडे पेरणीच्या आधी ढगांकडे बघून चालतो, तसाच तो वाद म्हणायचा.

वाट बरेचदा गोठलेल्या तलावावरून जाते. आपल्या मनात पहिली शंका हीच, की बर्फ फुटणार तर नाही? पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तलाव वरून गोठतो आणि खाली मासे जिवंत राहतात. सलग, घट्ट बर्फ दहा सेंटिमीटर जाड असला, की माणसाचं वजन सहज पेलतो. धोका असतो तो ओढा जिथं तलावात येतो किंवा बाहेर पडतो तिथं. वाहतं पाणी बर्फ जाड होऊ देत नाही. जलविद्युत केंद्रासाठी पाणी सोडलं जातं अशा तलावांत काठाला भेगा पडतात. आणि वरून ताजं हिम पडलं, की ते गोधडीसारखं ऊब धरतं, म्हणून खालचा बर्फ वाटतो तेवढा वाढलेला नसतो.

आता मला खरं सांगायचं आहे ते पुढेच. तिथला एकांत आपोआप तयार झालेला नाही. १८६८ साली स्थापन झालेली पदभ्रमण संस्था डोंगरांत मुक्कामाच्या झोपड्या चालवते, ईस्टरच्या आधी बर्फात बर्च झाडाच्या फांद्या रोवून वाटा आखून देते. धुकं दाटलं तरी एका फांदीवरून दुसरी शोधत माणूस मुक्कामी पोचतो. १९६७ च्या ईस्टरला डोंगरांत बरीच माणसं दगावली, तेव्हा नऊ नियम घरोघर पोचवले गेले. कुठं जाताय ते सांगून जा, हा त्यातलाच एक. वेळीच माघारी फिरा, त्यात लाज नाही, हाही त्यातलाच. हा नियम तिथं पोरासोरांनाही पाठ असतो.

आपल्या मेळघाटातही रस्ता न पोचलेल्या वस्त्या आहेत. तिथल्या कोरकू माणसानं हा एकांत विकत घेतलेला नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, की आजारी माणसाला बाजेवर घालून न्यावं लागतं. एकाच गोष्टीला पाहुणा एकांत म्हणतो आणि सरकारी कागद दुर्गम म्हणतात. फिन्सेला रस्ता नाही, पण रोज गाडी थांबते. आपल्या अकोला-खंडवा मीटरगेज गाडीनं धूळघाटाकडच्या जंगलातल्या गावांसाठी थोडंफार तेच काम केलं होतं. ती २०१७ साली बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेज २०२२ मध्ये सुरू झालं, जंगलातला टप्पा मात्र वाघांच्या अधिवासाच्या वादात अडकला. वाघांची बाजू खोटी नाही. मेळघाट हा व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. पण वाद लांबतो तेव्हा गाडीवाचून अडतं ते त्या गावांचं.

तिकडं शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आई-वडिलांसाठी थोडं व्यवहाराचं. डिसेंबर-जानेवारीत जाऊ नका. उजेड फार थोडा वेळ असतो. मार्चअखेर ते एप्रिल उत्तम. साठीतली माणसंही सपाटीवर दोन दिवसांत पाय टाकायला शिकतात. पडायचं झालं तर बाजूला पडावं. सुती बनियन घालू नका. घामानं ओली होते आणि वाळत नाही. लोकरीची घाला. आणि इतक्या लांब जायचं नसेल तर आपलं गुलमर्ग आहे; २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथं होतात, त्यात हा प्रकारही असतो.

ईस्टरला नॉर्वेची माणसं पाठपिशवीत हमखास संत्री नेतात. दुपारी बर्फात खड्डा करून, वाऱ्याकडे पाठ करून बसतात आणि सोलून खातात. ती संत्री बहुतेक स्पेनहून आलेली असतात. त्याच दिवसांत वरूड-मोर्शीकडे मृग बहाराच्या शेवटच्या संत्र्यांची तोड चाललेली असते.