नाताळच्या झाडावर सर्कस

सुट्टीवर जाण्याआधी आम्ही हाऊसमधले नाताळचे झाड यंदा सर्कशीसारखे सजवले. तंबू सोपा असतो. शेंड्यावरच्या चांदणीखाली लाल-पांढऱ्या क्रेप कागदाच्या पट्ट्या बांधून चारही बाजूंनी खाली सोडायच्या. पण मोजक्याच, नाहीतर झाडच दिसत नाही. (पहिल्या दिवशी आमचे तसेच झाले.) टेबल टेनिसचे फुटके चेंडू रंगवले की ते जगलरचे. आइस्क्रीमच्या काडीला दोन्ही टोकांना दोरा बांधला की झोपाळा तयार.

मी पुठ्ठ्याचा सिंहही कापला होता. माझा बडी केरळातल्या थलश्शेरीचा. त्याचे आजोबा सर्कशीत झोपाळ्यावर काम करत. तो म्हणाला, "सिंह नको. वाघ-सिंहांवर १९९८ सालीच बंदी आली. आधी जाळी लाव. आजोबांचा हात एकदा सुटला, ते जाळीमुळे वाचले."

पहिली भारतीय सर्कस १८८० साली काढणारे विष्णुपंत छत्रे आमच्या सांगलीकडचे, असे मी ऐटीत सांगितले. "आणि खेळाडू घडवणारे कीलेरी कुंञिकण्णन गुरुजी आमच्या गावचे," तो म्हणाला. मी गप्प!

मेसमधून कांद्याच्या पोत्याची जाळी मागून आणली आणि झोपाळ्याखाली ताणून बांधली. कापसाचा खेळाडू आतापर्यंत दोनदा सुटला, दोन्ही वेळा जाळीतच पडला. सिंह माझ्या लॉकरमध्ये आहे.